कागदावर नसलेली गोळी : ठाण्यातल्या एका ओपीडीचं प्रकरण

काकूंनी ओपीडीबद्दलचं मत नोंदवायच्या टॅबवरचा हिरवा चेहरा दाबला तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी त्या गेटमधून आत आल्या होत्या. मधल्या चार तास चाळीस मिनिटांपैकी डॉक्टरांसमोर त्या किती वेळ बसल्या, तर माझ्या वहीत तीन मिनिटं वीस सेकंद अशी नोंद आहे. पाच चेहऱ्यांमधला सगळ्यात हसरा त्यांनी निवडला, टॅब धरलेल्या मुलीला "झालं ना गं?" असं विचारलं आणि रिक्षा मिळते का बघायला निघून गेल्या.

आठ दिवसांनी वर्तकनगरमधल्या एका घरी पोळ्या लाटता लाटता त्या खाली बसल्या. घामाने चिंब, हात थरथरत होते, जीभ जड झालेली. घरातल्या बाईंना सुचलं म्हणून त्यांनी भरपूर साखर घालून चहा पाजला. पंधरा-वीस मिनिटांत काकू सावरल्या आणि उरलेल्या पोळ्या करून दुसऱ्या कामावर गेल्या. हे सगळं जिथून सुरू झालं ती जागा आमची ओपीडी होती. आमच्या नोंदीत मात्र त्या आजही 'अत्यंत समाधानी' आहेत.

मी ठाण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात क्वालिटीचं काम बघते. नाव ऐकून वाटतं तसं त्यात काही भारी नसतं. फायली, चेकलिस्ट, हात धुण्याची पोस्टरं आणि दर तीन महिन्यांनी विश्वस्तांपुढे ठेवायचा एक तक्ता. रुग्णालयाचं, डॉक्टरांचं, काकूंचं, कुणाचंच नाव इथे देत नाही. त्या वर्षी तक्रारपेटीतल्या चिठ्ठ्या जवळपास सगळ्या एकाच सुरात होत्या: थांबावं फार लागतं. विश्वस्तांनी विचारलं, लोक नाराज का आहेत ते शोधा. मी ठरवलं, घड्याळ आणि वही घेऊन एकेका पेशंटबरोबर गेटपासून गेटपर्यंत फिरायचं. काकू त्यांतल्याच एक. वय एकसष्ट, राहायला लोकमान्य नगर, तीन घरची पोळी-भाजीची कामं, सहा वर्षांपासून मधुमेह.

त्या मंगळवारी

केसपेपरची खिडकी साडेआठला उघडते. पण रांग त्याआधीच लागलेली असते, आणि त्यात माणसांपेक्षा पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि एखादी छत्री जास्त. मालक बाहेर चहाला. काकूंचा टोकन नंबर 34. नऊ पस्तीसला सिस्टरनी वजन, बीपी आणि बोटाला टोचून शुगर घेतली. मग बाकावर.

डॉक्टरांची वेळ साडेनऊची. ते आले नऊ पन्नासला. वॉर्डात एक पेशंट अत्यवस्थ होता, म्हणजे उशीर रास्तच होता, पण तो कुणाला सांगितलेला नव्हता. मला आश्चर्य वाटलं ते या वीस मिनिटांचं. दहा ते साडेअकरा हा जो खरा लांबलचक काळ होता, त्यात लोक तुलनेने शांत बसले होते. साडेनऊ ते नऊ पन्नास या वेळात मात्र दाराशी तीनदा वाद झाला. शेवटी वॉर्डातले मामा येऊन म्हणाले, "साहेब वर आहेत, एकाला ऑक्सिजन लावलाय, येतायत." बाकावरचा आवाज लगेच खाली आला. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड मायस्टर यांनी 1985 साली रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिताना हेच मांडलं होतं: कारण न कळलेली वाट जास्त लांब वाटते, आणि किती वेळ लागेल याचा अंदाज नसेल तर आणखीच. आमच्या मामांनी तो लेख वाचलेला नाही, पण त्यांना ते माहीत आहे.

मधेच दोन एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, आत जाऊन आले. त्याबद्दल मी वेगळा अहवाल दिला होता, त्याचं काही झालं नाही.

अकरा चाळीसला काकूंचा नंबर लागला. आतलं बोलणं मी कोपऱ्यात बसून टिपलं.

"काय त्रास?"

"साहेब, शुगर कमीच होत नाही. आणि रात्री तळपाय जळजळतात. आणि—"

"कधीपासून आहे शुगर?"

इथे माझ्या घड्याळात चौदा सेकंद झाले होते. डॉक्टर तुसडे नव्हते. त्यांनी पायाला हात लावून बघितलं, छातीला नळी लावली, "काळजी करू नका काकू, बसेल शुगर" असं हसून म्हणाले. त्या दिवशी त्यांच्यापुढे अठ्ठावन्न केसपेपर होते. साडेतीन तासांत अठ्ठावन्न म्हणजे एकाला साडेतीन मिनिटांहून जेमतेम थोडं जास्त, तेही सगळं वेळेवर सुरू झालं तर. जगाच्या हिशोबात ही वेळ फार वाईटही नाही. 'बीएमजे ओपन'मध्ये 2017 साली 67 देशांतल्या प्राथमिक तपासणीच्या वेळांचा आढावा आला होता. बांगलादेशात 48 सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, आणि भारत दोन मिनिटांच्या आसपास. ते आकडे दवाखान्यांचे, आमची रुग्णालयाची ओपीडी, त्यामुळे सरळ तुलना नको. पण आमच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं, हे खरं.

काकू आधी नाक्यावरच्या डॉक्टरांकडून ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅमची गोळी रोज सकाळी घेत होत्या. आमच्या डॉक्टरांनी ती बदलून ग्लिमेपिराइड 2 आणि मेटफॉर्मिन 500 एकत्र असलेली एक गोळी लिहिली. लिहिता लिहिता, मान खालीच ठेवून, म्हणाले, "ती जुनी नको आता." त्याच क्षणी पस्तीस नंबरच्या माणसाने दारातून डोकं घातलं आणि काकू तिकडे बघायला लागल्या. डॉक्टरांनी विचारलं, "समजलं ना?" काकू म्हणाल्या, "हो साहेब."

माझ्या चेकलिस्टवर एक रकाना होता: 'औषधबदलाची सूचना दिली का?' मी बरोबरची खूण केली. ती खूण अजून वहीत आहे आणि मला ती खोडावीशी वाटत नाही.

फोन

नवव्या दिवशी मी काकूंना फोन केला तो औषधासाठी नाहीच. केमिस्टकडे त्यांना नक्की किती वेळ लागला ती नोंद माझ्याकडून राहिली होती. बोलता बोलता म्हणाल्या, "तब्येत चांगली आहे गं, काल जरा चक्कर आली एवढंच." मी गोळ्या वाचून दाखवायला सांगितल्या. त्यांनी रंग सांगितले: एक लांबट, एक छोटी हिरवट. दोन्ही सकाळी, चहाबरोबर.

मी डॉक्टर नाही. फोन तसाच धरून मी ओपीडीत गेले आणि डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी दोन वाक्यं ऐकली आणि त्यांचा चेहरा उतरला. छोटी हिरवट गोळी म्हणजे जुनं ग्लिमेपिराइड. दोन मिलिग्रॅमच्या जागी रोज तीन चाललं होतं. हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. मेटफॉर्मिन एकटं सहसा साखर फार खाली नेत नाही, पण ग्लिमेपिराइड नेतं. रक्तातली साखर 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, गरगर सुरू होते. काकूंची त्या दिवशी किती होती ते कुणी मोजलं नाही, पण वर्तकनगरच्या बाईंच्या चहाने जे झालं त्यावरून शंकेला फार जागा उरत नाही.

डॉक्टरांनी जुनी गोळी बंद करायला सांगितली, दुसऱ्या दिवशी बोलावलं, तपासलं. मग आम्ही तिघं बसलो. त्या बैठकीतली दोन वाक्यं म्हणजे हे सगळं प्रकरण.

डॉक्टर म्हणाले, "काकू, मी कागदावर लिहिली नाही म्हणजे ती बंदच की."

काकू म्हणाल्या, "कागदावर नव्हती म्हणून मला वाटलं ती आहे तशीच चालू. बंद करायची असती तर लिहिलं असतं ना तुम्ही."

दोघांचंही बरोबर होतं. डॉक्टरांच्या लेखी नवा कागद म्हणजे सगळी यादी: जे त्यावर आहे तेवढंच घ्यायचं. काकूंच्या लेखी नवा कागद म्हणजे भर: घरात जे आहे त्यात हे वाढलं. वाणसामानाची यादी आपण अशीच करतो. मीठ लिहिलं नाही याचा अर्थ मीठ खायचं बंद केलं असा होत नाही. औषधाचं नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं असं डॉक्टरांच्या आचारसंहितेत 2016 पासून आहे, आणि आमच्या डॉक्टरांचं अक्षर खरंच वाचता येण्यासारखं आहे. पण न लिहिलेल्या औषधाचं अक्षर कितीही चांगलं असून उपयोग काय?

दुसरी गोष्ट त्या बैठकीत उशिरा निघाली. मी सहज विचारलं, "काकू, त्या दिवशी तळपायांनंतर तुम्ही 'आणि' म्हणून थांबलात. पुढे काय सांगायचं होतं?" त्यांना आठवत होतं. "हेच की सकाळी गोळी घेते, चहा घेते, पण खाणं अकराला होतं. दोन घरं उरकल्यावर. मधे कधी कधी डोळ्यापुढे अंधारी येते." म्हणजे नवी गोळी सुरू होण्याआधीच साखर अधूनमधून खाली जात असावी. हे वाक्य डॉक्टरांना मिळालं असतं तर त्यांनी गोळीची वेळ तरी बदलली असती, कदाचित गोळीच वेगळी दिली असती. ते चौदाव्या सेकंदाला अडलं.

डॉक्टर पेशंटला मधेच थांबवतात हे नवं नाही. 1984 साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी 74 भेटी ऐकल्या. पेशंटला सरासरी 18 सेकंदांत तोडलं जात होतं. भीती सगळ्यांना एकच असते की, सोडलं तर हा माणूस तासभर बोलेल. स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या रुग्णालयात 2002 साली 335 पेशंटना मुद्दाम न अडवता बोलू दिलं. सरासरी 92 सेकंदांत ते आपणहून थांबले. दहातले जवळपास आठ जण दोन मिनिटांच्या आत. ते युरोपातलं, आपल्याकडे माणूस मुलीच्या लग्नापासून सुरुवात करतो, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर पुढे येते.

मग हिरवा चेहरा का?

मी काकूंना सरळ विचारलं. चार तास चाळीस मिनिटं गेली, एका दिवसाची दोन कामं बुडाली, तरी हिरवा का दाबला?

त्यांची उत्तरं मी लिहून घेतली आहेत. डॉक्टर ओरडले नाहीत. हात लावून बघितलं. नळी लावली. "नाक्यावरचे तर टेबलापलीकडून लिहूनच देतात." ती टॅबवाली मुलगी इतकी गोड होती, तिच्या तोंडावर वाईट कसं म्हणायचं? आणि उद्या परत इथेच यायचंय. आणि चक्कर आली त्याचं म्हणाल तर, "माझंच काहीतरी चुकलं असेल गं, आदल्या दिवशी उपास होता."

म्हणजे चेहरा कृतज्ञतेचा होता, भिडेचा होता, थोडा धोरणाचाही होता. सल्ला कळला की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. आम्ही मात्र तो 'सल्लामसलतीबद्दल समाधान' या रकान्यात मोजत होतो. त्याच आठवड्यात एका तरुणाने लाल चेहरा दाबला होता. त्याला डॉक्टरांनी व्हायरल तापाला अँटिबायोटिक दिलं नाही आणि नीट समजावून सांगितलं. आमच्या तक्त्यात तो फसलेला सल्ला होता आणि काकूंचा यशस्वी.

2012 साली अमेरिकेतून जवळपास 52 हजार प्रौढांचा अभ्यास आला. डॉक्टरांवर सर्वांत खूश असलेल्या गटात औषधांवरचा खर्च जास्त निघाला आणि मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी खूश असलेल्यांपेक्षा 26 टक्क्यांनी जास्त. समाधानामुळे माणूस मरतो असा त्याचा अर्थ नाही, आणि कुणी तसा लावला की मला चीड येते. पण 'खूश आहे ना, मग उपचार चांगले झाले' हे गृहीत धरायला त्यात जागा उरत नाही.

काय बदललं, काय नाही

पहिली गोष्ट सगळ्यात स्वस्त पडली. स्टेशनजवळच्या शिक्केवाल्याकडून रबराचा शिक्का करून घेतला: वर 'चालू', खाली 'बंद', दोन्हीपुढे रेघा. डॉक्टरांनी जुनी गोळी थांबवली की तिचं नाव 'बंद'पुढे लिहायचं. त्यासाठी जुन्या गोळ्या दिसायला हव्यात, म्हणून बीपी घेणाऱ्या सिस्टर आता पिशवी टेबलावर उपडी करायला सांगतात. यात एक गंमत कळली. केमिस्ट पाच-सात गोळ्या कापून देतो तेव्हा नावाचा भाग बहुतेकदा दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे जातो. पेशंटच्या हातात नुसती चंदेरी पट्टी. आता आमच्या केमिस्टकडे तरी नावाची बाजू पेशंटला द्यायची असा नियम आहे. बाहेरच्यांचं आम्ही काय करणार?

'समजलं ना?' हा प्रश्न मात्र आम्ही पार काढून टाकला. त्याला 'हो' शिवाय उत्तर नसतं. साहेबांना 'नाही' कोण म्हणणार? त्याऐवजी केमिस्टच्या खिडकीवर विचारतात, "घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, कुठली घ्यायची आणि कुठली नाही?" सून नसेल तर मुलाला, शेजारणीला. चूक झाली तर ती पेशंटची न ठरता सांगणाऱ्याची ठरते, असा त्यातला मुद्दा. यावर केमिस्टने महिनाभर वाद घातला की रांग वाढते. वाढली. मग तोडगा निघाला: ज्याच्या कागदावर 'बंद'पुढे काही लिहिलंय त्यालाच विचारायचं.

डॉक्टरांनी एक आठवडा पेन खाली ठेवून ऐकून बघितलं. आठवड्याने म्हणाले, "एक जण खरंच मुरबाडच्या जमिनीच्या वाटणीपर्यंत गेला. बाकीचे थांबतात." सोमवारी, गर्दीच्या दिवशी, त्यांना ते अजूनही जमत नाही, हे ते स्वतःच सांगतात.

वेळा वाटून द्यायचा प्रयोग अर्धाच चालला. नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञाने ब्रिटिश ओपीडींसाठी 1952 सालीच दाखवलं होतं की सगळ्यांना एकाच वेळी बोलावण्यापेक्षा सुरुवातीला दोघांना आणि मग ठरावीक अंतराने एकेकाला बोलावलं तर डॉक्टर रिकामे बसत नाहीत आणि पेशंटही ताटकळत नाहीत. आम्ही अर्ध्या-अर्ध्या तासाचे गट केले. नौपाड्याचे, पाचपाखाडीचे लोक वेळेवर येतात. आसनगाव-बदलापूरहून येणारा माणूस मात्र साडेअकराची वेळ दिली तरी आठलाच हजर. नंतरच्या गाडीचा त्याला भरवसा नाही. तो लवकर आला तर त्याला आधी घ्यावं की नाही, यावर आमच्यात आजही एकमत नाही. माझं मत, घेऊ नये. मामांचं मत, तो बिचारा पहाटे पाचला उठलाय.

उशिराचं कारण दर वीस मिनिटांनी सांगायचं काम मामांकडेच दिलं. त्यासाठी आणलेला मोठा टीव्ही टोकन नंबर दाखवतो. लोक नंबर बघतात आणि तरी मामांनाच विचारतात.

शेवटचा बदल मोजण्यातला. सरकारी रुग्णालयांसाठी केंद्राने 2016 मध्ये 'मेरा अस्पताल' सुरू केलं, त्यात रुग्णालयाबाहेर पडल्यावर एसएमएस किंवा फोनवर मत विचारतात. तेच धरून आम्ही आठवड्याने फोन करायला लागलो. फोन करणारी समाजकार्य शिकणारी मुलगी आमच्याकडे पगारावर नाही. ती आधी विचारते, गोळ्या कुठल्या घेताय. मग विचारते, डॉक्टरांना सांगायचं काही राहून गेलं का. समाधान शेवटी.

फोनवरचे गुण टॅबपेक्षा खाली आले. बरेच खाली. विश्वस्तांच्या बैठकीत पहिला प्रश्न तोच: "म्हणजे एवढं करून लोक जास्त नाराज?" मी सांगितलं, लोक तेच आहेत, आता फक्त टॅबवाली मुलगी समोर उभी नाही. अर्धा तास चर्चा झाली. टॅब विकत घेतलेला असल्यामुळे तो राहणार, असं ठरलं. तक्त्यात दोन रकाने झाले, टॅबचा आणि फोनचा, आणि फोनच्या रकान्याखाली बारीक अक्षरांत एक स्पष्टीकरण, जे मला काढून टाकायचं आहे.

काकू दोन महिन्यांनी तपासणीला आल्या. सकाळचं खाणं आता नऊला होतं. पहिल्या घरच्या बाईंनीच दोन पोळ्या बाजूला काढायला सांगितल्या आहेत. सिस्टरनी पिशवी उपडी करायला सांगितली. लांबट गोळी निघाली, तळपायांसाठी दिलेली कॅप्सूल निघाली, आणि तिसरी एक पट्टी, आम्ही कधीच न लिहिलेली.

"ही कसली, काकू?"

"ही यांची, बीपीची. डोकं दुखलं की मी अर्धी घेते."

सिस्टरनी ती उचलून कागदाला पिनने लावली आणि केसपेपर डॉक्टरांच्या गठ्ठ्यात वर ठेवला. डॉक्टरांकडून बाहेर आल्यावर काकूंनी टॅबवाल्या मुलीला लांबूनच हात केला. "माझा हिरवाच लाव गं," म्हणाल्या, आणि केमिस्टच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.